‘सी’ कावीळ : औषध हाती, रुग्ण नजरेआड

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हेपॅटायटिस दिन पाळला जातो. हेपॅटायटिस बी विषाणूचा शोध लावणारे अमेरिकी शास्त्रज्ञ बारूख ब्लूमबर्ग यांचा हा जन्मदिवस. सरकारी रुग्णालयांच्या आवारात फलक लागतात, एखादे शिबिर होते आणि दुसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील आकडे मागे पडण्यासारखे नाहीत. या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे पाच कोटी लोकांच्या शरीरात हेपॅटायटिस सी विषाणूचे वास्तव्य होते आणि त्यातले सुमारे ५५ लाख भारतात होते. त्या एका वर्षात जगात या विषाणूमुळे सुमारे २ लाख ४२ हजार मृत्यू झाले आणि जवळपास दहा लाखांना नव्याने संसर्ग झाला.

एखाद्या असाध्य रोगाचे आकडे म्हणून हे वाचले असते, तर हळहळ व्यक्त करून थांबता आले असते. पण हेपॅटायटिस सी बरा होतो. दीर्घकाळ शरीरात राहणाऱ्या विषाणूंपैकी औषधाने पूर्णपणे हद्दपार करता येणारा हा बहुधा एकमेव विषाणू आहे. रोज गोळ्या, साधारण बारा आठवडे, आणि शंभरातले ९५ रुग्ण बरे, अशी आजची स्थिती आहे. भारतात राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत ही औषधे मोफत मिळतात. तरीही २०२२ अखेरपर्यंत जगातल्या बाधितांपैकी फक्त ३६ टक्के लोकांचे निदान झाले होते आणि जेमतेम २० टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचले होते. विज्ञानाने आपले काम बऱ्याच अंशी केले असताना माणसे का मरत आहेत, हे समजून घेण्यासाठी या विषाणूची, औषधांची आणि औषधांच्या किमतीची गोष्ट एकत्र पाहावी लागते.

‘कावीळ’ या शब्दाचा घोळ

आपल्याकडे यकृताच्या प्रत्येक दुखण्याला ‘कावीळ’ हेच नाव आहे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली की कावीळ. हेपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतात. पावसाळ्यात गावोगावी जी साथ येते, ती बहुतेक वेळा यांचीच. बहुसंख्य रुग्णांत हा आजार काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. म्हणूनच चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरवणारे’, गळ्यात माळ घालणारे किंवा नाकात रस पिळणारे यांचा गुण आल्यासारखा वाटतो. माळ घातली नसती तरी तो रुग्ण बराच झाला असता.

हेपॅटायटिस सीची चाल वेगळी आहे. तो रक्तातून पसरतो आणि शिरकाव झाल्यावर सहसा कावीळ दिसतच नाही. थोडा थकवा, थोडी अन्नावरची वासना उडणे, तेवढ्यावरच भागते. काही लोकांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणूला स्वतःहून हटवते. उरलेल्यांत, म्हणजे बहुसंख्यांत, तो यकृतात ठाण मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अशा दीर्घकालीन बाधितांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांच्या आत सिरॉसिस, म्हणजे यकृत घट्ट व निबर होण्याचा विकार जडतो. पुढे त्यातल्या काहींना यकृताचा कर्करोग होतो. वीस वर्षे शांत बसलेला हा विषाणू पोटात पाणी साठल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर प्रथम लक्षात येतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

नाव नसलेला विषाणू

या विषाणूला दीर्घकाळ स्वतःचे नावही नव्हते. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या काविळीचा अभ्यास करत होते. हेपॅटायटिस ए आणि बी यांच्या चाचण्या उपलब्ध झाल्यावर लक्षात आले, की रक्त घेतलेल्या अनेक रुग्णांचा आजार या दोन्हींत बसत नाही. त्याला ‘ना ए, ना बी’ असे तात्पुरते नाव मिळाले. रुग्णांच्या रक्तातून हा आजार चिंपांझींना होतो हेही सिद्ध झाले. पण सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडेना आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत तो वाढेना.

तिढा सुटला तो रेणवीय जीवशास्त्रामुळे. कायरॉन या अमेरिकी कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी, अमेरिकी रोग नियंत्रण केंद्रातल्या डॅनिअल ब्रॅडली यांच्या साथीने, विषाणू न पाहताच त्याच्या जनुकाचा तुकडा शोधायचे ठरवले. बाधित चिंपांझीच्या रक्तातली जनुकीय सामग्री तुकड्यातुकड्यांनी जिवाणूंत घालून त्यांच्याकडून प्रथिने बनवून घेतली आणि रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे त्यातल्या कोणत्या प्रथिनाला चिकटतात हे तपासले. लाखो तुकड्यांतून एक तुकडा नेमका निघाला. १९८९ मध्ये हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि विषाणूला ‘सी’ हे अक्षर मिळाले. पाठोपाठ रक्तचाचणी आली आणि रक्तपेढ्यांतून होणारा प्रसार देशोदेशी आटोक्यात येऊ लागला. भारतात दात्याच्या रक्ताची हेपॅटायटिस सीसाठी तपासणी या शतकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली. त्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले, त्यांच्यासाठी ही नोंद महत्त्वाची आहे.

याच कामासाठी ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हॉटन यांनी २०१३ मध्ये कॅनडाचा प्रतिष्ठेचा गेर्डनर पुरस्कार नाकारला होता. चू आणि कुओ या सहकाऱ्यांना त्यात स्थान नव्हते, हे त्याचे कारण.

९,६०० अक्षरांचा ऐवज

हेपॅटायटिस सी विषाणूची सारी जनुकीय सामग्री म्हणजे सुमारे ९,६०० अक्षरांची आरएनएची एक साखळी. ही साखळी यकृताच्या पेशीत शिरते आणि पेशीच्याच प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला कामाला लावते. त्यातून सुमारे तीन हजार अमिनो आम्लांचे एकच लांबलचक प्रथिन तयार होते. ते कापले जाऊन त्याची दहा प्रथिने होतात. काही विषाणूचे कवच बनवतात, तर काही त्याच्या प्रती काढण्याचे काम करतात.

औषध शोधणाऱ्यांच्या दृष्टीने यातली तीन प्रथिने महत्त्वाची ठरली. पहिले ‘एनएस३’. हा विषाणूचा कात्री चालवणारा विकर, म्हणजे प्रोटिएज. लांब प्रथिनाचे तुकडे करण्याबरोबर तो आणखी एक उपद्व्याप करतो. विषाणू शिरल्याची वर्दी देणारे पेशीतले एक प्रथिनही तो कापून टाकतो. त्यामुळे प्रतिकारशक्तीला पहिली हाक ऐकूच जात नाही. दुसरे ‘एनएस५बी’, म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारा पॉलिमरेज विकर. तिसरे ‘एनएस५ए’. त्याला विकरासारखे ठरावीक काम नाही, तरी प्रती काढणे आणि नवे विषाणू जुळवणे या दोन्हींत त्याच्यावाचून अडते.

पॉलिमरेजची एक खोड विषाणूच्या पथ्यावर पडते. नक्कल करताना झालेल्या चुका तो तपासत नाही. एका बाधित व्यक्तीच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात, असा अंदाज १९९८ मध्ये मांडला गेला. एवढ्या नकला आणि त्यात इतक्या चुका, म्हणजे शरीरात एकच विषाणू न राहता थोड्या थोड्या फरकाच्या भावंडांचा जथा राहतो. आज एकचा प्रतिपिंड तयार झाला, तर उद्या दुसऱ्याचे राज्य. जगभरात या विषाणूचे आठ मुख्य जनुकप्रकार नोंदले गेले आहेत. भारतात तिसऱ्या प्रकाराचे प्राबल्य आहे आणि यकृतात चरबी साठण्याशी त्याचा संबंध अधिक दिसतो.

प्रयोगशाळेत वाढायला सोळा वर्षे

जनुकाचा तुकडा १९८९ मध्ये मिळाला, पण औषधे यायला दोन दशके लागली. याचे मोठे कारण असे, की हा विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. ज्या शत्रूला समोर उभे करता येत नाही, त्याच्यावर औषध आजमावायचे कसे?

या अडचणीतून वाट काढण्याचे श्रेय अनेकांना जाते. चार्ल्स राइस आणि जपानमधील संशोधकांना आरएनएच्या शेवटी असलेला, तोवर नजरेतून सुटलेला छोटा तुकडा सापडला. तो जोडून आणि चुका वगळून तयार केलेली संपूर्ण साखळी १९९७ मध्ये चिंपांझीच्या यकृतात टोचल्यावर आजार झाला. आजाराला हाच विषाणू कारणीभूत आहे, याचा तो ठोस पुरावा होता. १९९९ मध्ये जर्मनीत फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी ‘रेप्लिकॉन’ तयार केला. विषाणूची कवचाची जनुके काढून टाकून फक्त प्रती काढणारा भाग त्यांनी यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत वाढवून दाखवला. यातून संसर्ग पसरत नव्हता, पण औषध लागू पडते की नाही हे बशीतल्या पेशींवर पाहता येऊ लागले. संपूर्ण विषाणू प्रयोगशाळेत वाढायला मात्र २००५ उजाडले. जपानच्या ताकाजी वाकिता यांना एका अतितीव्र आजाराच्या रुग्णाकडून मिळालेल्या वाणाने ते शक्य केले.

औषध कंपन्यांसाठी रेप्लिकॉन हीच खरी कलाटणी होती. हजारो रसायने एकामागून एक पेशींवर टाकून पाहता येऊ लागली. ‘डॅक्लाटासविर’ हे औषध असेच सापडले. एनएस५ए नेमके काय करते हे धड माहीत नसतानाही, एक रसायन विषाणूची वाढ थांबवते आणि ते एनएस५एवर काम करते, हे रेप्लिकॉनमुळे कळले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर २४ तासांत रक्तातले विषाणूंचे प्रमाण सरासरी सुमारे दोन हजारपटींनी घटले.

इंटरफेरॉनचा कठीण काळ

त्याआधीच्या रुग्णांनी जे सोसले, ते विसरण्यासारखे नाही. १९९१ पासून अमेरिकेत इंटरफेरॉनला मान्यता होती. हे शरीरातच तयार होणारे, विषाणूविरुद्ध सावध करणारे प्रथिन बाहेरून टोचायचे. पुढे त्याला रिबाव्हिरिनची जोड मिळाली आणि नंतर आठवड्यातून एकदाच घ्यायचे ‘पेग’ इंटरफेरॉन आले. जनुकप्रकार एकच्या रुग्णांना ४८ आठवडे इंजेक्शने घ्यावी लागत. ताप, अंगदुखी, रक्तक्षय, गळणारे केस, तीव्र नैराश्य, असे सारे सोसूनही त्यातले निम्मेच बरे होत. ज्यांचे यकृत आधीच खूप बिघडले होते, म्हणजे ज्यांना औषधाची सर्वाधिक गरज होती, त्यांना ते झेपतच नसे.

विषाणूच्या प्रथिनांवर थेट घाव घालणारी पहिली औषधे, बोसेप्रेविर आणि टेलाप्रेविर, २०११ मध्ये आली. दोन्ही एनएस३ची कात्री बोथट करणारी. पण ती इंटरफेरॉनसोबतच द्यावी लागत आणि त्रास आणखी वाढे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळालेल्या सोफोसबुविरने चित्र पालटले.

सोफोसबुविर हे आरएनएच्या एका अक्षराचे सोंग आहे. पॉलिमरेज त्याला खरे अक्षर समजून साखळीत गुंफतो आणि साखळी तिथेच तुटते. अडचण अशी होती, की या बनावट अक्षराला पेशीत शिरून कामाला लागण्यासाठी फॉस्फेटचे गट जोडलेले असावे लागतात, आणि फॉस्फेटवरचा विद्युतभार त्याला पेशीच्या दारातच अडवतो. फार्मासेट कंपनीत मायकेल सोफिया आणि सहकाऱ्यांनी त्या फॉस्फेटवर एक रासायनिक मुखवटा चढवला. यकृताच्या पेशीत गेल्यावर तो गळून पडतो. ही युक्ती मुळात ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाचे क्रिस मॅक्गिगन यांची. करोनाकाळात ज्याच्यासाठी नातेवाईक रांगा लावून वणवण फिरले, त्या रेमडेसिविरमध्येही हीच युक्ती वापरलेली आहे. त्या रेणूचे मूळही हेपॅटायटिस सी आणि श्वसनमार्गाच्या विषाणूंवरील संशोधनात होते.

आज एनएस५बी आणि एनएस५ए या दोन वेगवेगळ्या जागी मारा करणारी औषधे एकत्र दिली जातात. एका जागी बदल घडवून विषाणू निसटू पाहील, तर दुसरे औषध त्याला गाठते. क्षयरोगात आणि एचआयव्हीत अनेक औषधे एकत्र देण्यामागे जे तत्त्व आहे, तेच इथे आहे.

एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस बी मुळापासून का जात नाही आणि ‘सी’ का जातो, याचे उत्तरही रेणूंच्या पातळीवर आहे. एचआयव्ही आपले जनुक माणसाच्या डीएनएत शिवून टाकतो. हेपॅटायटिस बी पेशीच्या केंद्रकात डीएनएचे बंद वर्तुळ करून दडून बसतो. हेपॅटायटिस सीला डीएनएची पायरीच नाही. तो केंद्रकाबाहेर आरएनएच्याच रूपात राहतो. प्रती काढणे काही आठवडे थांबवले, की असलेला साठा झिजून संपतो. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानले जाते.

एक गोळी, हजार डॉलर

सोफोसबुविर तयार होत असतानाच गिलियड या कंपनीने फार्मासेट सुमारे ११०० कोटी डॉलरना विकत घेतली. औषध बाजारात आले तेव्हा अमेरिकेत बारा आठवड्यांच्या उपचारांची किंमत ८४ हजार डॉलर, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर ठेवण्यात आली. लिव्हरपूल विद्यापीठाच्या अँड्र्यू हिल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अंदाज बांधला, की मोठ्या प्रमाणावर उत्पादन केल्यास याच बारा आठवड्यांच्या गोळ्या ६८ ते १३६ डॉलरमध्ये बनू शकतात. दोन आकड्यांमधली ही दरी अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीच्या चौकशीपर्यंत पोहोचली. श्रीमंत देशांनाही सर्व रुग्णांना औषध देणे परवडेना आणि काही ठिकाणी यकृत पुरेसे बिघडेपर्यंत थांबा, असे धोरण आले.

भारतात गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने काही भारतीय कंपन्यांशी परवाना करार केले आणि भारतासह ९१ देशांत स्वस्त प्रती विकण्याची मुभा दिली. दुसरीकडे रुग्णांच्या संघटना आणि काही उत्पादकांनी भारतीय पेटंट कार्यालयात हरकती घेतल्या. जानेवारी २०१५ मध्ये एक अर्ज फेटाळला गेला. पुढे मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले खरे, पण तोवर भारतीय उत्पादने बाजारात स्थिरावली होती. २०१५ मध्ये २८ गोळ्यांच्या बाटलीची छापील किंमत वीस हजार रुपयांच्या घरात होती. स्पर्धा वाढली तशी ती झपाट्याने उतरली. अमेरिकेत ज्यासाठी घर गहाण पडले असते, ते औषध भारतात मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. गरिबांना मात्र सरकारचीच वाट पाहावी लागली.

इजिप्त आणि पंजाबचा धडा

सरकारने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण इजिप्त आहे. तिथे गोगलगायींमुळे पसरणाऱ्या परजीवी रोगावर १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सामूहिक इंजेक्शन मोहीम चालली. काचेच्या सिरिंजा नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि एक रोग हटवताना दुसरा गावागावांत पसरला. दहातील एका माणसाला बाधा, अशी वेळ आली. इजिप्तने २०१४ मध्ये बारा आठवड्यांच्या सोफोसबुविरसाठी सुमारे ९०० डॉलर असा दर मिळवला, पुढे देशातच औषध बनवले आणि २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळपास पाच कोटी लोकांची तपासणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तिथले बाधितांचे प्रमाण दशकभरात १० टक्क्यांवरून ०.३८ टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये निर्मूलनाच्या वाटेवरील ‘सुवर्ण’ दर्जा मिळवणारा तो पहिला देश ठरला.

भारतात पंजाबने २०१६ मध्ये मोफत उपचारांची सुरुवात केली. मोठ्या शहरातल्या यकृततज्ज्ञाकडे रुग्ण पाठवण्याऐवजी जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिले गेले आणि भारतीय बनावटीची औषधे वापरली गेली. ४८ हजारांहून अधिक रुग्णांचे निष्कर्ष नंतर प्रसिद्ध झाले. उपचार पूर्ण करून अखेरची तपासणी झालेल्यांत बरे होण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे हा आजार हाताळायला प्रत्येक वेळी विशेषज्ञ लागत नाही.

२८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २०३० पर्यंत देशातून हेपॅटायटिस सीचे निर्मूलन हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. सिरॉसिस नसलेल्यांना सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, तर सिरॉसिस असलेल्यांना सोफोसबुविर आणि वेलपाटासविर, असा साधा आराखडा त्यात आहे.

अडते कुठे?

आता अडचण औषधाची नसून निदानाची आहे. निदानाला दोन पायऱ्या आहेत. पहिली चाचणी प्रतिपिंडांची. ती स्वस्त आणि झटपट आहे, पण ती इतकेच सांगते, की हा विषाणू कधीतरी शरीरात आला होता. तो आजही आहे का, हे आरएनएची दुसरी चाचणी सांगते. ही चाचणी महाग, प्रयोगशाळा दूर, अहवाल काही दिवसांनी. पहिल्या चाचणीनंतर ‘पुन्हा या’ असे सांगितलेला मजूर किंवा शेतकरी, ज्याला काहीच दुखत नाही, तो रोजगार बुडवून परत येईल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. पहिल्याच रक्ताच्या नमुन्यावर दोन्ही चाचण्या करणे हा त्यावरचा सरळ उपाय.

तंत्रज्ञान त्यासाठी उपलब्ध आहे. क्षयरोगासाठी तालुका पातळीवर पोहोचलेल्या जीनएक्स्पर्ट आणि ट्रूनॅट या यंत्रांवर हेपॅटायटिस सीचा आरएनएही मोजता येतो. ट्रूनॅट तर गोव्यातल्या मॉलबायो कंपनीचे, बॅटरीवर चालणारे यंत्र आहे. प्रश्न आहे तो दोन कार्यक्रमांनी एकच यंत्र वाटून वापरण्याचा आणि त्यासाठीची साधनसामग्री वेळेवर पुरवण्याचा.

संशोधकांपुढेही काही गाठी शिल्लक आहेत. सर्वात मोठी गाठ लशीची. विषाणूचे बाह्य प्रथिन सतत रूप पालटत असल्याने प्रतिपिंडांना पकड मिळत नाही. पेशींच्या प्रतिकारशक्तीला चेतवणारी एक लस अमेरिकेत शिरेतून नशा घेणाऱ्यांत आजमावली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत प्रत्येकी १४ जणांना दीर्घकालीन संसर्ग झाला. लस सुरक्षित होती, पण निरुपयोगी ठरली. दुसरी गाठ औषधरोधाची. एनएस५एमधला एक विशिष्ट बदल तिसऱ्या जनुकप्रकारात डॅक्लाटासविरचा प्रभाव कमी करतो. हा प्रकार भारतात अधिक असल्याने, उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांच्या विषाणूंचा पाठपुरावा महत्त्वाचा आहे.

भारतीय प्रयोगशाळांनीही या विषाणूवर काम केले आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सौमित्र दास यांच्या गटाने विषाणूचा आरएनए पेशीच्या यंत्रणेला कसा पकडतो, याचा दीर्घ अभ्यास केला. याच गटाने २०१४ मध्ये दाखवले, की डाळिंबातली काही रसायने प्रयोगशाळेत एनएस३च्या कात्रीला अटकाव करतात. सोलापूरच्या डाळिंबाचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रात अशी बातमी चटकन पसरते, म्हणून हेही सांगायला हवे, की काचपात्रातल्या पेशींवरचा परिणाम आणि माणसावरचा उपचार यांत मोठे अंतर असते. डाळिंब खाऊन हेपॅटायटिस सी बरा होत नाही. गोळ्या खाऊन होतो.

गोळ्या सुरू करण्यापूर्वी काही खबरदारी मात्र हवी. हेपॅटायटिस बीचाही संसर्ग असेल, तर ‘सी’ हटताच ‘बी’ उसळू शकतो. त्यामुळे आधी ‘बी’ची तपासणी आवश्यक आहे. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन सोफोसबुविरची रक्तातली मात्रा घटवते, तर हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन त्याच्यासोबत धोकादायक ठरू शकते. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगणे म्हणूनच गरजेचे. सिरॉसिस झालेल्यांनी विषाणू गेल्यावरही कर्करोगासाठी नियमित तपासणी सुरू ठेवायला हवी. आणि एकदा बरे झाले म्हणजे कायमचे कवच मिळाले, असेही नाही. दूषित सुई पुन्हा टोचली गेली, तर संसर्ग पुन्हा होतो.

मग तपासणी कोणी करावी? या शतकाच्या सुरुवातीपूर्वी ज्यांना रक्त चढवले गेले, जे डायलिसिसवर आहेत, थॅलेसेमिया किंवा हिमोफिलियामुळे ज्यांना वारंवार रक्त अथवा रक्तघटक घ्यावे लागले, ज्यांनी कधीही शिरेतून नशा केली, ज्यांनी जत्रेत किंवा रस्त्यावर एकाच सुईने गोंदवून घेतले, ज्यांना पूर्वी सिरिंज न बदलणाऱ्या डॉक्टरांकडून इंजेक्शने मिळाली, त्या सर्वांनी. प्रत्येक तापावर ‘एक सुई मारा’ असा आग्रह धरणाऱ्या आपल्या समाजात ही यादी छोटी नाही. एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही. तेव्हा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून घरात कोणाचे भांडे वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

२०३० साठी ठरलेले जागतिक लक्ष्य बाधितांपैकी ९० टक्क्यांचे निदान आणि ८० टक्क्यांवर उपचार असे आहे. इजिप्तने ८७ टक्के बाधित शोधले आणि त्यातल्या ९३ टक्क्यांना उपचार दिले, तेव्हा हे लक्ष्य कागदी नाही. भारताकडे औषध बनवणारे कारखाने आहेत, यंत्रे आहेत, मोफत योजना आहे. जिल्हा रुग्णालयात रक्तदाब आणि साखर मोजताना त्याच सुईच्या रक्तातून आणखी एक चाचणी करायची, एवढे झाले तरी वीस वर्षांनी रक्ताची उलटी होऊन दाखल होणाऱ्या कित्येकांचा तो प्रवास आजच थांबेल.